खलनायकाची बाजू ऐकताना बळी कुठे असतो?

खोपोली-खालापूरहून आलेल्या मंडळींना परतीची लोकल गाठायची आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा प्रास्ताविक आटोपतं घेते.

मागच्या वेळी इथेच, कर्जतला, मी कर्णावर बोलले होते. संपल्यावर कॉलेजातला एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, हल्ली सायन्स फिक्शन मालिका बघताना मला हिरोपेक्षा व्हिलन जास्त पटतो. हे वाईट आहे का?" मी "छे, अजिबात नाही" म्हणाले आणि चहाकडे वळले. घरी गेल्यावर वाटलं, आपण उत्तर दिलं नाही, नुसते सुटलो. कारण त्याने 'पटतो' हा शब्द वापरला होता. 'कळतो' म्हणाला नव्हता, 'आवडतो'ही म्हणाला नव्हता. मराठीत हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि चौथा आहे 'माफ करणं'. एखादा माणूस मला कळतो, म्हणून तो मला आवडतो, आवडतो म्हणून त्याचं पटतं, आणि पटलं की माफी झालीच. या चार पायऱ्या आपण किती सहज, कठड्याला हात न लावता उतरतो ते मला आज बघायचं आहे. त्या मुलाला उत्तर देणं लागते, ते आज देते. तो आलाय की नाही माहीत नाही.

आता सायन्स फिक्शनच का? आपल्याकडे मोगॅम्बो आहे की! १९८७ सालचा, अमरीश पुरींचा. खालापूरच्या इमॅजिकात त्या सिनेमावर एक राइडसुद्धा केली होती. पण मोगॅम्बोला बालपण नाही. त्याचं कुणी काही बिघडवलेलं नाही, तो दुष्ट आहे कारण सिनेमाला एक दुष्ट लागतो. शक्तिमानमधला किल्विष त्याच जातीचा. हे जुने खलनायक मला प्रामाणिक वाटतात, पण त्यांच्याविषयी विचार करण्यासारखं फार नसतं. परग्रहावरची गोष्ट आली की मात्र एक गंमत होते. तिथे आपली जात नाही, गाव नाही, पक्ष नाही. कुणाची बाजू घ्यायची हे आपल्याला आधीपासून ठाऊक नसतं. न्यायाधीशाने जसं रिकाम्या मनाने बसावं, तसं आपण बसतो, निदान पहिला अर्धा तास.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. मूळ मालिका १९६६ ते १९६९ मधली. तिच्यात १९६७ चा एक भाग आहे, 'द डेव्हिल इन द डार्क'. एका ग्रहावर खाण आहे आणि कुठला तरी राक्षस खाणकामगारांना जाळून मारतो आहे. दगडासारखा प्राणी, हॉर्टा नावाचा. नायक त्याला मारायलाच आलेले असतात. मग स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी मन जोडतो आणि कळतं की ही आई आहे. खाणीत जे गोल दगड सापडतात म्हणून कामगार फोडून टाकतात, ती तिची अंडी आहेत. राक्षस कोण, हा प्रश्न एका वाक्यात उलटा होतो. सहानुभूतीच्या खलनायकाचा इतका स्वच्छ नमुना टीव्हीवर क्वचित झाला असेल.

पण शेवट आठवतोय का कुणाला? तडजोड होते. हॉर्टाची पिल्लं दगडातून बोगदे खणणार, खाणवाले मागोमाग जाऊन धातू काढणार. सगळे खूश. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही खूश झाले होते. नंतर कधीतरी लक्षात आलं की जिची हजारो अंडी फोडली, तिला भरपाई म्हणून पोरांना त्याच खाणीत कामाला लावायची परवानगी मिळाली! प्रकल्पग्रस्ताच्या घरातल्या एकाला कंपनीत नोकरी, हे सूत्र आपल्या खालापूर तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. तिची बाजू ऐकली गेली हे खरं, पण ती उपयोगी पडणार हे कळल्यावर ती जास्त नीट ऐकली गेली, हेही खरं.

असो. मला मुख्यतः बोलायचं आहे ते पुढच्या पिढीतल्या स्टार ट्रेकवर, 'डीप स्पेस नाइन'वर. १९९३ ते १९९९, सात पर्वं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बेजोर नावाच्या ग्रहावर कार्डॅसियन लोकांनी पन्नासेक वर्षं राज्य केलं, माणसं श्रमछावण्यांत घातली, खनिज ओरबाडलं, आणि आता ते निघून गेलेत. ज्या अवकाशस्थानकात बेजोरी वेठबिगार राबत होते त्याच स्थानकात मालिका घडते. आणि त्या जुन्या राजवटीचा शेवटचा मुख्य अधिकारी, गुल डुकाट, अधूनमधून तिथे येत राहतो. हसतमुख, सभ्य, गप्पिष्ट. मार्क अलायमो या नटाने असा केलाय की वाटावं, याला जेवायला बोलवावं.

डुकाटला एक मुलगी आहे, झियाल. बेजोरी बाईपासून झालेली. ती कळली तर त्याची कारकीर्द संपेल, म्हणून तो तिला मारायला निघतो आणि समोर उभी राहिल्यावर त्याला मारवत नाही. तिला घरी आणतो. त्यापायी हुद्दा जातो, कुटुंब जातं. पुढे त्याचाच सहकारी तिला गोळी घालतो, आणि डुकाट वेडा होतो. सांगा, दगड असेल तरच वाईट वाटणार नाही. मला वाटलं. अजून वाटतं.

मालिकेच्या लेखकांना मात्र धास्ती वाटायला लागली की प्रेक्षक डुकाटवर जरा जास्तच जीव टाकतायत. म्हणून १९९८ मध्ये 'वॉल्ट्झ' हा भाग आला, रोनाल्ड मूर यांनी लिहिलेला. एका ओसाड ग्रहावरच्या गुहेत डुकाट आणि नायक सिस्को, दोघंच. डुकाटला सिस्कोकडून एकच गोष्ट हवी आहे. त्याने म्हणावं, की तू वाईट माणूस नाहीस. मग तो हिशेब मांडतो. मी बेजोरचा कारभार हाती घेतला तेव्हा छावण्यांचं कामाचं उद्दिष्ट निम्म्यावर आणलं. बालमजुरी बंद केली. औषधपाणी वाढवलं, शिधा वाढवला. महिन्याभरात मृत्यूंचं प्रमाण वीस टक्क्यांनी उतरलं. आणि या लोकांनी काय केलं? बॉम्ब लावला, आमची दोनशे माणसं मारली. मग मलाही दोनशे मारावी लागली. एवढं करून त्या ग्रहावर माझा एक पुतळा नाही, ही त्याची जुनी तक्रार!

हे भाषण ऐकताना मला काय ऐकू आलं सांगू? आपली बँकर इंजिनं. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, आणि गाडी बोरघाट चढते. लहानपणी आम्हाला शाळेत शिकवलं होतं की इंग्रजांनी रेल्वे दिली. 'दिली' हे क्रियापद लक्षात घ्या. १८५६ ते १८६३ या काळात हा घाट बांधला गेला, आणि कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी यांत हजारो मजूर मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. मजुरांपैकी एकाचं तरी नाव इथे कुणाला सांगता येईल का? मलाही येत नाही. डुकाटच्या वीस टक्क्यांकडे या घाटाच्या पायथ्याशी बसून बघा. मृत्यू वीस टक्क्यांनी उतरले, म्हणजे ऐंशी टक्के चालूच होते. तो उरलेल्या ऐंशीबद्दल बोलत नाही, उतरलेल्या वीसबद्दल कृतज्ञता मागतो.

इथे तत्त्वज्ञानाची एक जुनी गाठ आहे. सॉक्रेटिसापासून आपण म्हणत आलो की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही, प्रत्येकाला आपण करतो ते चांगलंच वाटतं. डुकाट याचा पुरावा आहे. त्याला खरोखर वाटतं की तो दयाळू होता. तो ढोंगी असता तर सोपं होतं. पण मग 'त्याला तसं मनापासून वाटत होतं' याला आपण किती किंमत द्यायची? माझ्या मते, तो आपल्याला कळावा यासाठी पूर्ण किंमत, आणि माफीसाठी शून्य. विद्यार्थी यावर माझ्याशी भांडायचे. भांडत राहावं.

डुकाटच्या समोर उभी असते कीरा. बेजोरी, पोरवयापासून भूमिगत सैनिक. भूमिका केलीय नाना व्हिझिटर यांनी. नाव नाना, पण बाई आहेत. लेखकांच्या डोक्यात मध्यंतरी आलं होतं की कीरा आणि डुकाट यांचं प्रेमप्रकरण दाखवावं. या बाईंनी साफ नकार दिला. माझ्या दृष्टीने या मालिकेवरची सगळ्यात नेमकी समीक्षा म्हणजे हा नकार. एका नटीला जे कळलं ते लेखकांच्या खोलीत कळलं नव्हतं: डुकाट कितीही मोहक झाला, तरी ज्या बाईचं गाव त्याने जाळलं तिच्या नजरेतून तो तसा दिसणार नाही. आपण मोहात पडू शकतो, कारण आपलं काही जळलेलं नाही.

पण कीरालाही मालिका सोडत नाही, आणि इथे मला आपल्या मातीकडे वळायचं आहे. माथेरानचे भाई कोतवाल इथल्या पोराबाळांना माहीत आहेत. वकील माणूस, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारा. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. वीज कुठली? १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं. पाणी आपल्या डोंगरांवरून उतरणार, दिवे आणि गिरण्या मुंबईत चालणार. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. सरकारी कागदात ते गुन्हेगार होते, आपल्या चौकात त्यांचं स्मारक आहे. तेव्हा एकाचा खलनायक दुसऱ्याचा नायक, हे आपल्याला परग्रहावरून शिकायची गरज नाही, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

१९९७ च्या 'द डार्कनेस अँड द लाइट' या भागात कीराच्या जुन्या साथीदारांना एकेक करून कुणीतरी मारतंय. शेवटी मारेकरी सापडतो. तो कार्डॅसियन आहे, पण सैनिक नाही. एका अधिकाऱ्याच्या घरी गणवेशांची देखभाल करणारा नोकर. कीराच्या गटाने त्या घरावर बॉम्ब टाकला, घरातली माणसं मेली, आणि याचा अर्धा चेहरा गेला. तो कीराला विचारतो, माझा काय गुन्हा होता? आणि कीरा नमत नाही. तुम्ही आमच्या भूमीवर होतात, तुमचं इथे काही काम नव्हतं, तुम्ही सगळेच दोषी, असं ती सांगते. मालिका कुणाच्याही बाजूने पार्श्वसंगीत वाजवत नाही. मला कीरा आवडते, तिची लढाई न्याय्य आहे याबद्दल शंका नाही, आणि या उत्तराने माझं समाधान होत नाही. मनोरा पाडणं आणि झोपलेलं घर उडवणं यांत फरक आहे. आझाद दस्त्याने मनोरा निवडला. हुतात्म्याला मोठं म्हणताना आपण हा फरक सांगत नाही, नुसतं 'क्रांतिकारक' म्हणून मोकळे होतो. मग उद्या कुणीही घर उडवून तो शब्द मागायला येतो.

थोडं पाणी घेते.

तर माझी कसोटी अशी की खलनायकाची बाजू सांगताना बळी खोलीत आहे का? १९६७ साली मराठीत दोन पुस्तकं आली. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. 'मृत्युंजय'ने तीन पिढ्यांना कर्णासाठी रडवलं. मीही रडले, लपवत नाही. इरावतीबाईंनी मात्र कर्णाकडे बघताना द्यूतसभा नजरेआड होऊ दिली नाही. द्रौपदीची वस्त्रं उतरवा असं त्या सभेत कर्ण म्हणतो. सूतपुत्र म्हणून झालेला अपमान खरा, पण द्रौपदी खोलीत असताना तो सांगून बघा, आवाज आपोआप खाली येतो. हल्लीच्या मालिकांची खोड अशी की खलनायकाचं दुःखी बालपण दाखवायला एक अख्खा भाग, आणि त्याने मारलेल्यांना मागच्या दृश्यात पडलेली प्रेतं एवढीच जागा.

'बळी' हा शब्द मी वापरला आणि मला दुसरा बळी आठवला. पाताळात घातलेला असुर राजा, ज्याचं राज्य परत यावं असं आपल्या आयाबाया दर दिवाळीला म्हणतात. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त १८७३ मध्ये बळीला नायक केलं आणि वामनाला कपटी. म्हणजे खलनायकाची बाजू मांडणं हा काही अमेरिकन लेखकांचा शोध नाही. पण फुल्यांनी काय केलं बघा. त्यांनी ज्याला असुर ठरवलं होतं तोच चिरडला गेलेला आहे हे दाखवलं. चिरडणाऱ्याची बाजू समजून घ्या असं ते म्हणाले नाहीत. या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात आणि दिशा अगदी उलट आहे. हॉर्टा पहिल्या जातीची, डुकाट दुसऱ्या. आपण दोघांनाही 'ग्रे शेड' म्हणतो, आणि तिथे घोळ होतो.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'वरही बोलायला हवं, २००४ ते २००९. तेही रोनाल्ड मूर यांचंच. इराक युद्ध चालू असताना त्यांनी अमेरिकन प्रेक्षकाला व्यापलेल्या वस्तीत नेऊन बसवलं, जिथे आत्मघाती हल्ला करणारे आपलेच लोक आहेत. धाडस मोठं होतं. पुढे २००९ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांत त्या मालिकेवर परिसंवाद झाला. पण तिच्यातला बाल्टारचा खटला मला पटत नाही. बाल्टार हा शत्रूला शरण गेलेला अध्यक्ष, डोक्याला पिस्तूल लागल्यावर मृत्युदंडाच्या यादीवर सही करणारा. त्याच्या बचावाला ली अडामा उभा राहतो आणि म्हणतो, आपण सगळ्यांनीच भयानक गोष्टी केल्या आणि सगळ्यांना माफी मिळाली, मग एकट्या याच्यावर सगळ्यांची लाज का लादता? टाळ्या घेणारं भाषण आहे. तीन विरुद्ध दोन मतांनी बाल्टार सुटतो. तर्क तपासा. सगळे दोषी असताना एकाला शिक्षा देणं अन्याय आहे, यावरून तो निर्दोष आहे असं निघत नाही. दोषी आहेस, पण तुला एकट्याला फासावर देणार नाही, असं न्यायालयाला म्हणता आलं असतं. ते म्हणालं 'निर्दोष'. छळ सोसलेली माणसं मागे बाकांवर बसलेली होती. म्हणजे बळी खोलीत होते, आणि तरी निकाल चुकला. माझी कसोटी तेवढी पुरेशी नाही, हे मान्य करते.

शेवटचं. ज्यांना एकच भाग बघायचा असेल त्यांनी 'डीप स्पेस नाइन'च्या पहिल्या पर्वातला 'ड्युएट' बघावा, १९९३ चा. स्थानकावर एक कार्डॅसियन येतो. त्याला असा आजार आहे की जो फक्त गॅलिटेप नावाच्या छावणीत असलेल्यांनाच झालेला. कीरा त्याला कोठडीत टाकते. आधी तो म्हणतो, मी साधा कारकून होतो, फायली लावायचो. मग उघड होतं की हा तर छावणीचा प्रमुख, आणि तो आढ्यतेने सांगायला लागतो, हो, मी मारलं, अभिमानाने मारलं. आणि शेवटी कळतं की तो खरंच कारकून आहे, मॅरित्झा. रात्री किंकाळ्या ऐकून कानांवर हात घेऊन बसायचा. तो प्रमुखासारखा चेहरा करून घेऊन मुद्दाम पकडला जायला आलाय, कारण आपल्या देशावर जाहीर खटला चालावा असं त्याला वाटतं. १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये आइकमन काचेच्या पेटीत बसून सांगत होता, मी फक्त आज्ञा पाळली. मॅरित्झा बरोबर उलटं करतो. त्याने काहीच केलं नव्हतं, आणि म्हणूनच तो स्वतःला दोषी मानतो. मालिकेने इथे माफी स्वस्त केली नाही. कीरा त्याच्याशी दोन दिवस बोलते, ओरडते, त्याचा द्वेष करते, मग कोठडीचं दार उघडते. सगळं ती समोर असताना घडतं.

आणि मग स्थानकाच्या वाटेवर एक बेजोरी माणूस मॅरित्झाला भोसकतो. का, तर तो कार्डॅसियन आहे. एवढं कारण पुरे आहे, असं तो म्हणतो. कीरा म्हणते, नाही, पुरे नाही.

मी हा भाग वर्गात कितीदा सांगितला असेल. त्या मुलासाठी म्हणून मागच्या आठवड्यात पुन्हा पाहिला. यावेळी माझं लक्ष त्या भोसकणाऱ्याकडे गेलं. सुरुवातीला तो शेजारच्या कोठडीत आहे, दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून. माझ्या शेजारी कार्डॅसियन का ठेवलाय म्हणून आरडाओरडा करतो. त्याला वाक्यं आहेत चार-पाच. तो कुठल्या छावणीत होता, त्याचं कोण गेलं, तो पितो का, हे कुणी विचारत नाही. कीरा नाही, लेखक नाही, आणि इतकी वर्षं मीही नाही. चला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. लोकलला अजून वीस मिनिटं आहेत.